न्यूरोमॅच अकॅडमीचं खुलं साहित्य: तीन कॉलेजं, चार जण आणि आठ महिने

आधीच सांगून टाकतो, मेंदूविज्ञानातलं गणित आणि कोडिंग शिकवणाऱ्या न्यूरोमॅचच्या जुलैमधल्या ऑनलाइन वर्गाला मी बसलेलो नाही. त्याची फी देशाप्रमाणे कमी-जास्त असते, पण तीन आठवडे दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचं आणि तेही नेमकं माझी सेमिस्टर सुरू होताना, हे जमणारं नव्हतं. आम्ही वापरलं ते त्यांचं खुलं साहित्य, म्हणजे व्हिडिओ, पायथनची नोटबुकं (कोड लिहून तिथेच चालवायची पानं) आणि डेटा. सगळं फुकट. गेले आठ महिने दर शनिवारी पुण्यात आम्ही चौघं त्याच्याशी झुंजतोय. मी बायोटेकच्या एमएस्सीला, एक मित्र फिजिक्सचा, एक मैत्रीण मानसशास्त्रात एमए करतेय आणि चौथी फिजिऑलॉजीत एमडी करणारी डॉक्टर. कॉलेजं तीन. डॉक्टरला ड्युटीमुळे महिन्यातले दोनच शनिवार मिळायचे, पण ती आली की त्या दिवशी दुप्पट अभ्यास व्हायचा. का, ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेंदूविज्ञानातलं गणित आणि कोडिंग शिकवणाऱ्या उन्हाळी शाळा आधीपासून होत्या. आपल्याकडे बंगळुरूला एनसीबीएस या संशोधन संस्थेत ‘कॅम्प’ नावाची शाळा भरायची, तिकडे परदेशात ‘कॉस्मो’ होती. पण अशा शाळांत जागा मोजक्या असतात आणि प्रवासखर्च आलाच. 2020मध्ये कोविडने या शाळांना टाळं लावलं, तेव्हा कॉस्मोशी संबंधित असलेले पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे कोनराड कॉर्डिंग, कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाचे गुनार ब्लोम, मिनेसोटा विद्यापीठाचे पॉल श्रेटर आणि मेगन पीटर्स यांच्यासारख्या मंडळींनी मिळून हे ऑनलाइन उभं केलं. पहिल्याच जुलैत 1,700च्या वर विद्यार्थी छोट्या छोट्या गटांत शिकले. एकेका दिवसाचा विषय वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या लोकांनी तयार केलाय. तरी साचा एकच: छोटा व्हिडिओ, थोडं वाचन, मग रिकाम्या जागा ठेवलेला कोड तुम्ही भरायचा. व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, आणि चीनमधल्यांसाठी बिलिबिलीवरही. एवढ्या प्राध्यापकांना एका साच्यात बसवलं कसं, हे मला अजून कोडंच आहे. आमच्याकडे दोन सरांची टिपणं एका फॉन्टमध्ये येत नाहीत.

पहिल्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आम्ही टिकलो ते त्या दिवसामुळे. त्यात स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांचा 2019चा डेटा वापरलाय. उंदरासमोर डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्यांची चित्रं येतात, त्यानं पुढच्या पायांनी चाक फिरवून उत्तर द्यायचं, आणि अनेक उंदरांवरच्या अशा प्रयोगांत मेंदूच्या 42 भागांतले मिळून सुमारे 30,000 न्यूरॉन नोंदले गेले. तुम्ही एक न्यूरॉन उचलता आणि त्याच्या दोन स्पाइकमध्ये (स्पाइक म्हणजे पेशीने सोडलेला विजेचा झटका) किती वेळ जातो त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे खांबांचा आलेख, काढता. डावीकडे उंच, मग उतरत जाणारा. साधारण एक्स्पोनेन्शियल, म्हणजे आधी झपकन आणि मग हळूहळू उतरणारा.

आता याच एका आलेखाला तीन प्रश्न. तो दिसतो कसा? असा तयार कसा होतो? आणि असाच का? दुसऱ्या प्रश्नासाठी खोटा न्यूरॉन बनवायचा. व्होल्टेज साठत जातं, एका पातळीला पोचलं की स्पाइक, मग पुन्हा शून्यापासून. नुसते चेतवणारे इनपुट दिले तर आमचा न्यूरॉन घड्याळासारखा टिकटिक करायला लागला, खऱ्या उंदराशी काही जुळेना. इथे डॉक्टर म्हणाली, ‘‘अरे, पेशीला गळती असते. आणि दाबणारे इनपुट कुठे गेले?’’ नोटबुकातल्या पुढच्या सेलमध्ये, म्हणजे कोडच्या चौकटीत, नेमकं तेच होतं. गळती घातली, चेतवणारे आणि दाबणारे इनपुट तोलाने दिले, आणि आलेख हळूहळू उंदराच्या आलेखासारखा उतरायला लागला. फिजिक्सवाल्याने समीकरण पाच मिनिटांत सोडवलं होतं, पण त्यात काय कमी आहे ते त्याला दिसलं नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाला मानसशास्त्रवाली पुढे. सरासरी स्पाइकची संख्या बांधून दिली, म्हणजे ऊर्जेचा खर्च ठरवून टाकला, तर सगळ्यात जास्त एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चितता, कुठल्या वाटपात? पुन्हा एक्स्पोनेन्शियल. त्या दिवशी आम्ही चहा दोनदा गार केला.

त्याआधीच्या दोन महिन्यांत मी एकट्याने तीनदा सुरुवात करून तीनदा सोडलं होतं. मी बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. शून्याव्या आठवड्यात पायथन, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्सची उजळणी आहे, ती ‘येतं की’ म्हणून मी उडवली आणि डायमेन्शनॅलिटी रिडक्शनच्या (ढीगभर आकड्यांचा डेटा मोजक्या दिशांत मांडायच्या) दिवशी तोंडावर आपटलो. आयगेनव्हेक्टर म्हणजे काय ते मित्राने शेवटी चपातीचा गोळा लाटून दाखवलं: लाटणं ज्या दिशेने जातं त्या दिशेची रेघ लांबते, पण दिशा तीच राहते. त्यामुळे जीवशास्त्रवाल्यांनो, शून्यावा आठवडा नीट करा, दोन महिने लागले तरी चालतील.

वापरताना लागलेल्या ठेचा बहुतेक आमच्याच होत्या. सरावाच्या प्रत्येक सेलमध्ये ‘नॉट इम्प्लिमेंटेड एरर’ची एक ओळ मुद्दाम टाकलेली असते, रिकाम्या जागा भरल्या की ती काढायची. मी पहिल्यांदा पाऊण तास कोड तपासत बसलो, ती ओळ तशीच. उत्तराची लिंक खालीच असते, आणि रात्री अकरानंतर तिच्यावर बोट आपोआप जातं. आम्ही नियम केला: उत्तर चौघांपैकी कुणीही उघडायचं नाही, नमुन्याचा आलेख मात्र बघायचा. तो नोटबुकात दिलेला असतो, आणि आपला आलेख चुकलाय हे त्यावरून लगेच कळतं. गूगलच्या कोलॅबवर सगळं ब्राउझरमध्येच चालतं, माझा आठ वर्षांचा लॅपटॉपही पुरला. मात्र वीज गेली की नेट गेलं, नेट बराच वेळ गेलं की व्हेरिएबल गेले. मग वरपासून सगळे सेल पुन्हा चालवा.

खरी अडचण वेगळीच होती. तीन कॉलेजांच्या परीक्षा तीन वेगळ्या महिन्यांत. एका कॉलेजच्या लायब्ररीत बाहेरच्यांना बसू देत नाहीत, दुसऱ्यात रिकामा वर्ग हवा तर विभागप्रमुखांची सही, आणि तो अर्ज अजून कुठल्यातरी फायलीत असेल. क्रेडिट मिळतील का, असं मी विचारलं तेव्हा ‘‘कशाचे? यूट्यूब बघण्याचे?’’ असं उत्तर आलं. तिकडे कुठली कुठली विद्यापीठं एक अभ्यासक्रम वाटून घेतात, आणि इथे एकाच शहरात आम्ही शेवटी डॉक्टरच्या भाड्याच्या खोलीत जमिनीवर बसलो.

यात ओली प्रयोगशाळा, म्हणजे हाताने करायचे प्रयोग, नाहीत. इलेक्ट्रोड कसा धरायचा ते इथे शिकणार नाही. गटाचा प्रकल्प हा मूळ वर्गाचा गाभा आहे आणि तिथे सांगायला टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारा सहायक, असतो. आम्हाला तो नव्हता, त्यामुळे आमचा प्रकल्प अर्धवट आहे, खोटं कशाला बोलू. एकट्याने घेणार असाल तर पहिला दिवस करून बघा, आणि लगेच दुसऱ्या विषयाचा एक तरी माणूस शोधा. तुमच्याच वर्गातला चालणार नाही, त्याला तेच येत असतं जे तुम्हाला येतं.

सध्या विल्सन-कोवानच्या मॉडेलवर अडकलोय. चेतवणाऱ्या आणि दाबणाऱ्या पेशींचे दोन गट एकमेकांना ढकलतात, आणि आमचा आलेख नमुन्यातल्यासारखा न झुलता सपाट पडून राहतो. या शनिवारी डॉक्टरला सुट्टी आहे. एक्स्टेंशन बोर्ड मी नेणार आहे.