जपानी की लातगालियन? दोन्ही थोडंथोडं शिकलेल्याचं मत

आधीच सांगतो, नोकरीसाठी शिकायचं असेल तर पुढचं वाचूच नका, सरळ जपानी घ्या. पुण्यात क्लास भरपूर, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेचं सेंटर गावातच. लातगालियनवर कोणी पगार देणार नाही. युरोपातल्या लात्व्हिया देशाच्या पूर्वेला, रेझेक्ने-लुद्झाच्या बाजूला दीडेक लाख लोक ती बोलतात आणि त्यांनाही ऑफिसात लात्व्हियनच लागते.

पण हौसेसाठी विचारत असाल तर थांबा जरा.

जपानी व्याकरण मराठी माणसाला सोपं जातं हे मान्य. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, सगळं घरचंच. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः खाऊन बघणे, 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणे, हे आपल्याला कोणी समजवावंच लागत नाही, त्यामुळे पहिले तीन महिने मी हवेतच होतो.

मग कांजी आली, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेली अर्थाची अक्षरं. सरकारी यादीत 2136 आहेत, पण पाठांतराचं मला काही वाटत नाही हो, डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रविवार म्हणजे 'निचियोबि'. लिहायला तीन अक्षरं, त्यातलं पहिलं आणि शेवटचं सेम टू सेम, उभा चौकोन आणि मधे आडवी रेघ, म्हणजे सूर्य. सुरुवातीला ते वाचायचं 'निचि' आणि शेवटी 'बि'. एकाच शब्दात! आणि तेच अक्षर 'आज' या शब्दात आलं की ना निचि ना बि, शेजारच्या अक्षरासकट दोघांचं मिळून 'क्यो'. आपण बाराखडीवर वाढलेली माणसं, आपल्याला क म्हणजे क. जपानमध्ये नागोयात दीड महिना होतो तेव्हा एकाने दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड दिलं, आडनावातल्या दोन्ही कांजी मला येत होत्या, अर्थही कळत होता, उच्चार काही सुचेना. शेजारच्या जपानी कलीगला हळूच विचारलं तर तो म्हणे त्यांनाच विचारावं लागेल. दीड वर्ष घासून समोरच्याला नावाने हाक मारता येत नाही, हे काही माझ्या पचनी पडलं नाही, आजही पडत नाही.

पुढे कामानिमित्त रेझेक्नेला आलो. लातगालियनची लिपी रोमन, वर-खाली थोड्या खुणा, पण लिहिलंय तसं वाचता येतं. एक स्वर घशात मागे ओढावा लागतो तो मला अजून जमत नाही. विभक्त्या मात्र सात, संस्कृतच्या तासाला झोपा काढल्या असतील तर जड जाईल. पण 'दीव्स' म्हणजे देव, 'त्रेइस' म्हणजे तीन, 'विएय्स' म्हणजे वारा, आपला वायू. घरमालकीण आजी रोज जिन्यात विचारायच्या, "काइ ईत?" मी बरेच दिवस मनात 'काय' म्हणून दचकायचो. कसं चाललंय असं विचारत होत्या, 'ईत' म्हणजे जातं, संस्कृतातला 'एति' आठवा. चार महिन्यांत मी त्यांच्याशी बटाट्यांवर गप्पा मारत होतो, चुका करत का होईना.

अडचण पुस्तकांची. फार कमी मिळतात, आणि मिळतात त्यात बहुतेक समजावलेलं असतं लात्व्हियनमधून, म्हणजे आधी ती शिका. 1865 ते 1904 झारच्या राजवटीत लॅटिन लिपीत छापायलाच बंदी होती, आंद्रिव्स यूर्जस नावाचा शेतकरी हाताने पुस्तकं उतरवून काढायचा. 1934 नंतर ही भाषा शाळेतूनही गेली, आणि आत्ताचे शुद्धलेखनाचे नियम ठरले 2007 ला. त्याच भागातल्या दौगावपिल्स शहरात जाणार असाल तर तिथे रस्त्यावर रशियनच जास्त कानावर पडेल, तिथे प्रॅक्टिस होईल या भरवशावर राहू नका.

तरी कदाचित माझीच खोड असेल. तुमचं तुम्ही ठरवा, आठवडाभर जपानीचा हिरागाना, म्हणजे उच्चारावर चालणारी साधी लिपी, करून बघा, 46 अक्षरं, गोड आहेत. मग कांजीत रविवार लिहून बघा. माझी एन-फोरची (जेएलपीटीची एक पातळी) पुस्तकं पुण्यात घरी माळ्यावर आहेत, कोणाला हवी असतील तर खुशाल घेऊन जा.