लिंकची क्षमता मोजायची: टीसीपीने की यूडीपीने?

टीसीपी पोच घेत, हरवलेलं पुन्हा पाठवत डेटा नेतं; यूडीपी पोच न घेता नुसता पाठवत राहतं. आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजायचं साधन दोन्ही प्रकारे चालतं, पण दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची असतात. रोजच्या वापरात किती वेग हाती लागेल ते टीसीपी सांगतं. गिगाबिट इथरनेटवर साधारण ९४१ एमबीपीएस दिसले की लिंक ठणठणीत. उरलेला भाग हेडरमध्येच (प्रत्येक पॅकेटला जोडलेल्या पत्ता वगैरे माहितीत) जातो. लांबच्या लिंकवर मात्र हा आकडा फसवा. १ जीबीपीएस आणि ५० मिलिसेकंद आरटीटी (डेटा जाऊन पोच परत यायला लागणारा वेळ) असेल तर वाटेत ६.२५ मेगाबाइट डेटा मावतो. टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी जास्तीत जास्त किती डेटा पाठवायचा ती मर्यादा) त्याहून लहान असली की वेग पडतो आणि दोष बिचाऱ्या लिंकला. अशा वेळी ४ किंवा ८ समांतर स्ट्रीम (एकाच वेळी चालणारी कनेक्शन) लावा, सुरुवातीचे ३ सेकंद वगळा, निदान ३० सेकंद चालवा.

यूडीपीला विंडोची अडचण नाही. पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) आणि जिटर (पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार) त्यातच कळतो. पण वेग सांगितला नाही तर आयपर्फ३ फक्त १ एमबीपीएस पाठवतं आणि लोक लिंकच मंद समजतात! २०० एमबीपीएसपासून टप्प्याटप्प्याने वाढवा, लॉस सुरू झाला की थांबा. आकडा रिसीव्हरचाच धरा. चालू लिंकवर हे रात्रीच करावं. यूडीपी इतर ट्रॅफिकची गय करत नाही.

आधी टीसीपी, आकडा कमी आला तरच यूडीपी. आणि दोन्ही दिशांनी.