डायपर पेल आठ-नऊ महिने वापरून: झाकण छान, रिफिल महाग, रिंगेचं नाव काढू नका

डायपर पेल म्हणजे वापरलेले डायपर साठवायचा झाकणाचा डबा. त्याच्या झाकणाच्या रबरी रिंगेबद्दलची माझी तक्रार गेल्या आठवड्यात कंपनीने ‘निवारण झाले’ असा मेसेज पाठवून बंद केली. निवारण मी केलं, रविवार पेठेतल्या एका कुकर दुरुस्तीवाल्याकडे, साठ रुपयांत. श्रेय त्यांनी घेतलं. म्हणून हा अनुभव.

डबा किती लिटरचा, पेडल आहे का, रंग कोणते, ही माहिती सगळीकडे मिळते, ती परत लिहीत नाही. माझ्याबद्दल एवढंच की भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पंप, व्हॉल्व्ह आणि त्यांची सीलं यातच हयात गेली. आता निवृत्त. मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे नातू दिवसभर आमच्याकडे. डायपर बदलते ही, विल्हेवाट माझ्याकडे. अशी वाटणी कधी ठरली ते आठवत नाही, पण मोडायची सोय नाही.

डबा सूनबाईने ऑनलाइन मागवला, साडेचार हजारांना. किंमत ऐकून मी काही बोललो नाही, म्हणजे फार काही बोललो नाही. पहिले तीन-चार महिने मात्र खरंच तक्रारीला जागा नव्हती. पायाने झाकण उघडायचं, गुंडाळलेला डायपर खाली ढकलायचा, वरची चकती फिरवायची. आत नळीसारखी लांब प्लास्टिकची फिल्म असते, ती पीळ खाते आणि प्रत्येक डायपर आपापल्या कप्प्यात बंद होतो. फुगेवाला लांब फुगा मुरगळत जातो, अगदी तसं. खोलीत वास नाही, घरी पाहुणे आले तरी कुणाला पत्ता लागत नाही. मी शेजारच्या जोशीबुवांना डबा दाखवायलासुद्धा नेला. हिचं मत पहिल्यापासून वेगळं: “लंगोट रोज सकाळी धुतले जायचे, साठवायचे कशाला म्हणते मी.” बरोबर आहे, पण ते धुणारी बाई तेव्हा होती आणि आता धुणार कोण, हा प्रश्न मी विचारला नाही.

मग उष्टावण झालं.

ज्यांचं बाळ अजून नुसतं अंगावर पितंय त्यांनी या डब्याला पाच तारे देऊन मोकळं होऊ नये, थांबावं. आईच्या दुधावरच्या बाळाच्या शीला फारसा वास नसतोच, असला तर आंबूस. त्या काळात झाकणवाली साधी बादलीही पास होईल. नाचणीचं सत्त्व, वरणभात, अंड्याचा बलक सुरू झाला की खरी परीक्षा. आमच्याकडे पंधरवड्याच्या आत झाकण उघडताना मान वळवायची सवय लागली. झाकण बंद असताना वास नाही, उघडलं की भपकारा. कारण उघड आहे: वास मरत नाही, डब्यात कोंडून राहतो, आणि पेडल दाबल्यावर झाकण वर जाताना तीच आतली हवा ओढून बाहेर आणतं. पीळ कितीही चांगला बसला तरी सगळ्यात वरचा डायपर चकती फिरेपर्यंत उघड्यावरच असतो.

यात दोन वेगवेगळे वास आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. शूचा वास ताज्या डायपरला जवळजवळ नसतो. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, त्याला वेळ लागतो. म्हणून रात्रभराचा जड डायपर सकाळी टाकला आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की डोळ्यांना झोंबतं. शीचा वास मात्र पहिल्या मिनिटापासून हजर. सूनबाईने कुठेतरी वाचून तळाशी खाण्याचा सोडा पसरला. सोडा आंबट वासावर चालतो. अमोनिया स्वतःच अल्कली, त्याला सोडा काय करणार? अल्कलीला आम्ल लागतं. मी आठवड्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने डबा आतून पुसतो आणि बाल्कनीत उन्हात उघडा ठेवतो. दोन चमचे लिंबूसत्त्व तांब्याभर पाण्यात, दहा रुपयांच्या पुडीत महिना निघतो. फिनेल टाकून पाहू नका, दोन वासांचा मिळून तिसराच होतो. आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको. अमोनियाबरोबर त्याचा विषारी वायू होतो, छाती जळते. त्यात लिंबूसत्त्व पडलं तर क्लोरीन निघतो. हे मी कारखान्यातल्या माणसाच्या नात्याने सांगतोय, विनोद म्हणून नाही.

आता रिफिल. पीळ खाणारी ती फिल्म कॅसेटमध्ये येते, कॅसेट साडेआठशेची. खोक्यावर ठळक अक्षरात साडेतीनशे डायपर लिहिलंय. तो हिशेब नवजात बाळाच्या सगळ्यात छोट्या साइजचा, हे बारीक अक्षरात. एल साइजचे अडीचशे व्हायच्या आत फिल्म संपते. म्हणजे डायपरमागे साडेतीन रुपये. बारा-तेरा रुपयांचा डायपर आणि त्याच्या अंत्यविधीला साडेतीन रुपये! परदेशात असे पेलही मिळतात ज्यांना खास कॅसेट लागत नाही, कचऱ्याची कुठलीही पिशवी चालते. आमच्या डब्यात साधी पिशवी लावून बघितली, पण चकतीचा पीळ तिला पकडतच नाही, सरकते. डबा एकदा विकायचा आणि कॅसेट जन्मभर, असा हा धंदा. फिल्म खराब आहे असं मात्र म्हणणार नाही. साध्या पातळ पॉलिथिनमधून वास हळूहळू झिरपतो, ही अनेक थरांची आहे, वास खरंच अडवते. फक्त ते काम वर्तमानपत्राच्या दोन पानांत नव्वद टक्के होत असेल तर उरलेल्या दहा टक्क्यांचे साडेआठशे कशाला, हा माझा मुद्दा.

वर्तमानपत्राकडे मी वळलो ते कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंमुळे. डबा भरला की फिल्म कापून, गाठ मारून ती लांबलचक माळ सुक्या कचऱ्याबरोबर द्यायचो. एक दिवस त्यांनी ती दारातच वर धरली आणि म्हणाल्या, “आजोबा, हे काय आहे ते बाहेरून कळतच नाही. वर्गीकरणाला बसलेली बाई उघडून बघणार ना.” मी गप्प. ज्या वासापासून माझं नाक वाचवायला साडेचार हजार घातले, तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या नाकासमोर दोन दिवस मुरवून उघडला जात होता. त्यांनी सांगितलं ते सोपं आहे: प्रत्येक डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचा, वर लाल पेनने मोठा ठिपका काढायचा, आणि असे पुडे ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळे द्यायचे. ठिपका दिसला की कुणी पुडा उघडत नाही. पुण्यात हे लाल ठिपक्याचं बरीच वर्षं सांगितलं जातंय, मीच आपला कॅसेट फिरवत बसलो होतो. घनकचऱ्याच्या 2016च्या नियमांतही गुंडाळण्याबद्दल हेच होतं: डायपर, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचे, आणि गुंडाळायला पाऊच किंवा कागद उत्पादकाने पुरवायचा. आमच्या डायपरच्या पाकिटात तो पाऊच मला अजून सापडलेला नाही. डायपरला मागे चिकटपट्टी असते, तीच त्यांचा पाऊच असावी.

आता मूळ विषय, रिंग.

झाकणाच्या आतल्या खाचेत पांढऱ्या रबराची रिंग बसवलेली आहे. वास अडवण्याचं निम्म्याहून अधिक श्रेय तिचं. जाहिरातीत सेंट, कार्बन फिल्टर, पीळ, सगळं आहे, रिंगेला एक ओळ नाही. सहाव्या महिन्यात बिजागरीच्या बाजूला ती चिरली. तिथेच का, तेही सांगतो. झाकण बिजागरीवर फिरतं, त्यामुळे मागची कड आधी टेकते आणि रिंग सरळ दाबली न जाता तिथे घासून, चिमटून बसते. दिवसातून पाच-सहा वेळा हे झालं की रबर तिथेच जाणार. झाकण सरकवायचं किंवा वरून सरळ दाबायचं असतं तर हा प्रकारच नव्हता. डिझाइन करणाऱ्याने आयुष्यात एक तरी कुकर उघडून बघायला हवा होता.

कस्टमर केअरला चॅटवर लिहिलं. आधी यंत्राने उत्तरं दिली, मग माणसाने. माणूस यंत्रापेक्षा गोड बोलत होता, बाकी फरक नाही. रिंग सुटी मिळत नाही, अख्खं झाकण घ्यावं लागेल, चौदाशे रुपये. मी म्हटलं, वॉरंटी वर्षाची आहे. तर म्हणे रिंग ही झिजणारी वस्तू, वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं, झिजणारी वस्तू असेल तर सुटी विकायला हवी, आणि सुटी विकत नसाल तर तो झाकणाचा भाग झाला, मग झाकणाला वॉरंटी आहे. यावर “सर, तुमची गैरसोय समजते,” एवढंच. शेवटी त्यांनी दोष दाखवणारा व्हिडिओ मागितला. चिरलेल्या रिंगेचा पाठवला. उत्तर आलं, यात गळती दिसत नाही. अहो, वास गळतोय, तो व्हिडिओत दिसणार कसा! हिला कॅमेऱ्यासमोर नाक धरून उभं राहायला सांगितलं तर तिने मलाच नाव ठेवलं. त्यानंतर दोन आठवडे शांतता, आणि मग तो निवारणाचा मेसेज.

रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला कुकर दुरुस्तीची लहान दुकानं आहेत. झाकण पिशवीत घालून तिथे घेऊन गेलो. कशाचं झाकण ते दुकानदाराने विचारलं, मी म्हटलं, डब्याचं. त्याने रिंग बोटाने ओढून बघितली, वास घेतला आणि पुढे काही विचारलं नाही. कुकरच्या तयार रिंगा बसत नव्हत्या, घेर मोठा. मग त्याने सिलिकॉनची चौकोनी दोरी काढली, खाचेत फिरवून मापली, दोन्ही टोकं तिरकी कापली आणि चिकटवली. टोकं तिरकी कापणं महत्त्वाचं, सरळ जोडली की सांध्यातून फट पडते. साठ रुपये, कॅसेटपेक्षा स्वस्त. जोड मी मुद्दाम पुढच्या बाजूला आणून बसवला, बिजागरीपासून लांब.

घरी येऊन तपासलं. दहा रुपयांची नोट झाकण आणि कडेच्या मध्ये ठेवायची, झाकण बंद करायचं आणि नोट ओढायची. अडली तर रिंग धरतेय, अलगद निघाली तर तिथे गळती आहे. चारी बाजूंनी करून बघा. फ्रिजच्या दाराची रिंगही अशीच तपासतात. जुन्या रिंगेला नोट मागच्या बाजूने सहज निघत होती. नव्या रिंगेत फाटायला आली, म्हणून ओढणं थांबवलं. पैसे आहेत शेवटी.

रिंग बदलल्यावर बंद झाकणातून वास शून्यावर आला, पण उघडतानाचा भपकारा तसाच राहिला. तो गेला वेगळ्याच गोष्टीने. शी डब्यात टाकायचीच नाही. डायपर संडासावर उलटा धरायचा, घट्ट असेल तर आपोआप पडते, नसेल तर टिश्यूने निपटायची. बऱ्याच पाकिटांवर बारीक अक्षरात हेच लिहिलेलं असतं. फक्त जेटने धुवायचा मोह टाळा. आतले दाणे पाणी पिऊन जेली होतात, डायपर किलोभर होतो आणि फुटला तर ती जेली पाइपात जाते. डायपर संडासात टाकायचा नाही हे सांगायला नको, पण आमच्याच विंगमध्ये एकदा चेंबर उघडावं लागलंय, म्हणून सांगतो. शी निघाली, डायपर घट्ट गुंडाळून कागदात गेला, लाल ठिपका मारला, की उरतो तो शूचा वास. तो एका दिवसात चढत नाही, आणि ताई रोज येतात. पावसाळ्यात कागद दमट होतो, तेव्हा दुहेरी गुंडाळा. ताईंची भाऊबीजेला सुट्टी असते, त्या दोन दिवसांसाठी मात्र हा डबा खरोखर उपयोगी पडला. सुट्टीचा डबा म्हणून तो चांगला आहे, हे कबूल.

तर आता डब्यात कॅसेट नाही. चकती काढून ठेवली, आत वर्तमानपत्राचे पुडे सरळ टाकतो, झाकणाला साठ रुपयांची रिंग. काम चोख. हाच प्रकार घट्ट झाकणाच्या, रिंगवाल्या स्टीलच्या डब्यात झाला असता आणि नातू मोठा झाल्यावर त्यात तांदूळ राहिले असते, असं मी म्हणालो. ही म्हणाली, त्या डब्यात तांदूळ मी ठेवणार नाही.

जुळी मुलं असतील, किंवा कचरा दोन-तीन दिवसांनी उचलला जात असेल, तर घ्या, पण आधी विचारा की रिंग सुटी मिळते का. नाही म्हणाले तर घेऊ नका. रोज कचरा जात असेल तर वर्तमानपत्र, लाल पेन आणि घट्ट झाकण पुरे. माझ्याकडून अडीच तारे, त्यातला अर्धा पेडलला, ते अजून कुरकुरत नाही.

दोन कॅसेट न फोडलेल्या माळ्यावर पडून आहेत. सूनबाईने सेलमध्ये तीन एकदम घेतल्या होत्या. कंपनी परत घेत नाही. याच मॉडेलचा डबा कुणाकडे असेल तर अर्ध्या किमतीत देतो, पण येऊन न्याव्या लागतील, कुरिअरचा खर्च मी करणार नाही.