दशावतार, स्पर्धेचं नाटक की थेट मुंबई?

अभिनयच करायचा हे पक्कं आहे आणि घर सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीकडे आहे, तर सुरुवातीला या तीन वाटा समोर असतात.

दशावतार म्हणजे आपल्याकडचं रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य. त्याच्या एखाद्या मंडळात शिरलात, तर त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा लागतात आणि मग पावसाच्या तोंडापर्यंत प्रयोगांची रांग. हातात संहिता नसते. आख्यान ठरतं, प्रसंगांचा क्रम ठरतो, संवाद मात्र ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. समोरचा राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा नट, कसलेला असेल तर पुराणातला असा दाखला काढतो की उत्तर सुचेपर्यंत घाम फुटतो, आणि तेवढ्यात पायपेटीवर सूर आला की पद उचलावं लागतं. रंगही आपला आपणच लावायचा. समोर अख्खा गाव, रात्र पहाटेकडे झुकलेली, तरी माणसं जागी ठेवायची! हे कुठल्याही कार्यशाळेत शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण जागरणं, रोजचा प्रवास आणि बेताचं मानधन झेपायला हवं. पावसाळ्यात पोटासाठी दुसरं काहीतरी बघावं लागतं. शिवाय परंपरेने इथे स्त्रीपार्टही पुरुषच करतात. महिलांची दशावतारी मंडळं उभी राहिली आहेत याचा मला फार आनंद आहे, तरी जुन्या मंडळांत मुलींना अजून जागा नाही.

म्हणून मुलींना मी आधी हौशी नाटकाकडे पाठवीन. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. कणकवलीचं वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान, कुडाळचं बाबा वर्दम थिएटर अशा ठिकाणी बॅकस्टेजपासून सुरुवात केली तरी चालेल. पाठांतर, दिग्दर्शकाचं ऐकणं, प्रकाशात नेमकं उभं राहणं इथे अंगी बाणतं. उणीव एवढीच की महिना-दोन महिने तालीम आणि प्रयोग मोजकेच. पुढे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स डोक्यात असेल, तर हा अनुभव प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडतो.

थेट मुंबई गाठायची घाई नको. खोलीचं भाडं भरता भरताच दमछाक होते आणि ऑडिशनला दाखवायला काम नसतं. इंट्रो, म्हणजे स्वतःची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ, आता गावातूनच मोबाइलवर पाठवता येतो. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचं चित्रीकरण तर सावंतवाडीजवळ आकेरीतच झालं. मालवणी लपवू नका, पण प्रमाण मराठीही स्वच्छ बोलता यायला हवी. आणि भूमिका देण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

गळा आणि तब्येत साथ देत असेल तर मुलाने एक हंगाम दशावतारात काढावा, स्पर्धा पुढच्या वर्षी. जत्रा आणि स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण एकाच वेळी येतात, तेव्हा दोन्हीकडे शब्द देऊन कुणाची तालीम बुडवू नका.