लो प्रेशर आहे म्हणून गळ्यात मारलेली पेंटबॉल गन

न्यू जर्सीत जुनी पेंटबॉल गन घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मंडळातल्या पोरांबरोबर वीकेंडला खेळायला जायचो, भाड्याच्या गनचा वैताग आला होता, ऑनलाइन जाहिरात दिसली आणि एका माणसाकडून इलेक्ट्रॉनिक गन हवेच्या टाकीसकट २५० डॉलर कॅश देऊन घेतली.

त्याचं पालुपद एकच, ही दीडशे पीएसआयवर (म्हणजे हवेच्या प्रेशरचं माप) चालते, साध्या मेकॅनिकल गन आठशेच्या आसपास, म्हणून ही सेफ आणि लागते पण कमी. आता दीडशे खरंच आहे आणि अशी गन झटका कमी देते, आवाज पण कमी. पण लागते कमी ही शुद्ध थाप. गोळी सेकंदाला २८० फुटांनी सुटली की गन दीडशेवर चालू दे नाहीतर आठशेवर, दणका तेवढाच. लो प्रेशरवाली उलट हवा जास्त सोडते, बस एवढंच.

डेमो त्याने गॅरेजमागे दिला, नुसता धडाधड फायर करत सुटला, एकसारख्या गोळ्या, मस्त. प्रेशर दाखवणाऱ्या गेजच्या जागी प्लग बसवलेला होता, विचारलं तर म्हणे तुटलं होतं, काय गरज आहे त्याची.

फील्डवर क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पहिलीच गोळी ३२० फुटांची गेली, लगेच दुसरी २७८, तिसरी २७५. थोडा वेळ गन ठेवली आणि परत मारली तर परत ३२० च्या वर. तिथे ३०० च्या वर कुणालाच खेळू देत नाहीत, रेफरीने सरळ बाजूला काढलं. तिथल्या टेक्निशियनने हवेचं प्रेशर आवरणारा रेग्युलेटर उघडला तर आतल्या सीटवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या छोट्या तुकड्यावर, गोल खाच पडलेली. म्हणजे नळ बंद केला तरी थेंब थेंब गळावा तशी हवा झिरपत राहते आणि आतलं प्रेशर हळूहळू चढत जातं. सलग फायर केलं की चढायला वेळच मिळत नाही, म्हणून तो हात थांबवतच नव्हता! आणि गेज असतं तर काटा सरकताना दिसला असता, म्हणून प्लग.

सीट स्वस्तात बदलून मिळाली, खरा फटका टाकीचा. कार्बन फायबरची, वर कवटीचा मोठ्ठा स्टिकर. टाकीत हवा भरणाऱ्या फिल स्टेशनवाल्याने तो नखाने उचकटला तर खाली बनवल्याची तारीख २००९. अशा टाक्यांची दर ५ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या प्रेशरने तपासणी) लागते आणि १५ वर्षं झाली की टेस्टसुद्धा करत नाहीत, डायरेक्ट भंगार. ४५०० पीएसआय भरायची वस्तू आहे ती, त्याने हात लावायला पण नकार दिला आणि बरोबरच केलं. हवेऐवजी सीओटू पण चालेल म्हणाला होता तो विकणारा पठ्ठ्या, लिक्विड आत गेलं असतं तर सोलेनॉइड, म्हणजे गनमधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, पण गेला असता.

मेसेज केला तर आधी 'ॲज इज विकली होती', मग ब्लॉक.

घेताना गेज लावूनच बघा, दोन-चार गोळ्या मारा, मग दोन मिनिटं गप्प बसा आणि काटा हलतो का बघा, त्यानंतरची पहिली गोळी क्रोनोवर घ्या. टाकीवरची तारीख स्टिकर काढून वाचा, विकणारा कुरकुर करत असेल तर खुशाल करू दे. त्याची नवीन जाहिरात परवाच दिसली, गन दुसरी आहे, पण फोटो झूम केला तर गेजच्या जागी परत प्लगच.