अपयश पचवणारी टीम: दोरी, बैठक की बक्षीस?

‘आमच्याकडे चुकायची मोकळीक आहे,’ असं बहुतेक मॅनेजर मनापासून सांगतात. टीमच्या लक्षात मात्र राहतं ते मागच्या चुकीनंतर साहेबांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य. म्हणून नुसत्या शब्दावर न थांबता एखादी पद्धत बसवावी लागते. कोणती, हे तुमच्याकडे अपयश कोणत्या जातीचं आहे यावर ठरतं.

काम रोजचं आणि ठरलेलं असेल, म्हणजे उत्पादन, पॅकिंग, बिलिंग, तर टोयोटाची वाट बघा. तिथे लाइनवरच्या कामगाराच्या हाताशी अँडॉनची, म्हणजे अडचण आल्याचा इशारा देणारी, दोरी किंवा बटण असतं. दोष दिसला की ओढायची. टीम लीडर येतो, ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. याचं मूळ टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडांच्या विणकामाच्या मागात आहे: धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. यात चूक लहान असतानाच सापडते, पण थांबण्याचा खर्च मॅनेजरने आधीच मान्य केलेला असावा लागतो. ‘आजचं टार्गेट होऊ दे, मग बघू’ एवढं एकदा कानावर पडलं की दोरीला कुणी हात लावत नाही.

काम गुंतागुंतीचं असेल आणि एका चुकीमागे दहा कारणं असतील, तर दोषारोपाशिवायचा आढावा जास्त उपयोगी. सेवा बंद पडली की गूगलमध्ये असा लेखी आढावा घेतात: किती वाजता काय घडलं, त्या क्षणी कुणाला काय दिसत होतं. हाती असलेल्या माहितीत प्रत्येकाने योग्य वाटलं तेच केलं, हे गृहीत धरूनच बोलायला बसायचं. समजा, चुकीच्या सर्व्हरवर कमांड गेली. ‘पुढे काळजी घ्या’ हा उपाय नव्हेच. दोन्ही सर्व्हरच्या स्क्रीन इतक्या सारख्या का दिसतात, हा खरा प्रश्न. मला ही पद्धत सर्वांत मोलाची वाटते, कारण तिला पैसे लागत नाहीत, तासभर आणि संयम लागतो. मात्र बैठकीतलं वाक्य अप्रेझलमध्ये उमटलं तर पुढच्या बैठकीत कुणी खरं बोलणार नाही.

भीती फारच मुरलेली असेल तर अमेरिकी विमानक्षेत्राकडून शिकावं. तिथे 1976 पासून वैमानिक आपल्या चुका गोपनीयपणे कळवतात, आणि तेही नियामक संस्थेला नाही तर नासाला. अजाणता घडलेली चूक 10 दिवसांत कळवली, तर काही अटींवर दंडापासून संरक्षण मिळतं. ऑफिसातही चुका ऐकणारा माणूस आणि पगारवाढ ठरवणारा माणूस वेगळे ठेवता येतात.

आणखी एक वाट बक्षिसाची. टाटा समूहाच्या ‘इनोव्हिस्टा’ स्पर्धेत ‘डेअर टू ट्राय’ हा विभाग धाडसी पण न जमलेल्या प्रयत्नांसाठी आहे. संशोधन किंवा नवं उत्पादन करणाऱ्या टीमला हे शोभतं. पण रोजच्या कामात हलगर्जी आणि प्रयोग यांतला फरक स्पष्ट नसेल, तर नेटकं काम करणाऱ्यालाच अन्याय वाटतो. आधी विश्वास, मग बक्षीस, असाच क्रम मी धरेन.

दहाबारा जणांची टीम असेल तर आढाव्याच्या बैठकीपासूनच सुरुवात करा. आणि बाहेरून विचारणा आली की पुढे कोण उभं राहणार, तेही आधीच ठरवा. 10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 या उपग्रह सोडणाऱ्या भारतीय रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. दुसऱ्या टप्प्याची नियंत्रण यंत्रणा निकामी होऊन यान बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्प संचालक होते अब्दुल कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. 18 जुलै 1980 ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला, तेव्हा पत्रकार परिषद घ्यायला धवनांनी कलामांना पुढे केलं.