सायबरडक: वेबडॅव्ह नेमकं कुठे अडलंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीची कागदपत्रं सांभाळते. ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, टेस्ट सर्टिफिकेट, सगळं एका सीएमएसच्या (मजकूर-फाइली सांभाळणाऱ्या वेब प्रणालीच्या) रिपॉझिटरीत, म्हणजे साठ्यात असतं आणि तिथे आम्ही वेबडॅव्हने जातो, म्हणजे ब्राउझरमधून एकेक फाइल न चढवता सरळ फोल्डर उघडल्यासारखं. या कामाला मी रोज सायबरडक वापरते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. मला ते आवडतं ते त्याच्या लॉगमुळे.

व्ह्यू मेन्यूतून लॉग उघडला की खिडकीच्या तळाशी एक पट्टी येते आणि सर्व्हरशी काय बोलणं चाललंय ते ओळीओळीने दिसतं. फोल्डर उघडलं की ‘प्रॉपफाइंड’, म्हणजे आतल्या यादीची मागणी जाते, ठीक असेल तर उत्तरात २०७ हा आकडा येतो. पासवर्ड चुकला की ४०१. फाइल दुसऱ्या कुणी लॉक करून ठेवली असेल तर ४२३. ४०५ (ही क्रिया इथे चालत नाही) आला तर पत्ता आधी तपासा. बऱ्याचदा वेबसाइटचा पत्ता घातलेला असतो आणि वेबडॅव्हचा वेगळा असतो.

आमचा बिघाड मात्र चांगलाच चिवट होता. फाइल चढत होती, उघडत होती, पुसताही येत होती. नाव बदलायला गेलं की एरर. नावात काय एवढं, असं कुणी म्हणेल, पण ड्रॉइंगचं रेव्हिजन आमच्याकडे नावातच असतं. नवं आलं की जुन्याला ‘रद्द’ लावून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचं. तेच होईना, आणि उद्यमनगरातल्या मशीनशॉपवाल्यांना एकाच फोल्डरमध्ये दोन-दोन ड्रॉइंग दिसायला लागली. “ताई, रेव्हिजन दोन धरू का तीन? दोन्ही हितंच हाईत न्हवं,” असा एका मालकांचा फोन आला. त्या पार्टचं बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं माप बदललं होतं. जुन्या मापाने बोअर मोठं झालं की कास्टिंग सरळ भंगारात जातं. त्यांनी विचारलं हे उपकारच.

होस्टिंगवाल्यांचं उत्तर एवढंच, की सर्व्हर चालू आहे. चालू होताच.

मग लॉग उघडून एका फाइलचं नाव बदललं. ‘मूव्ह’ची ओळ गेली, तिच्या खाली ‘डेस्टिनेशन’, म्हणजे नवा पत्ता, एचटीटीपीएसने सुरू होणारा. उत्तर आलं ५०२ बॅड गेटवे. ५०२ म्हटलं की सर्व्हर झोपला असंच कुणालाही वाटेल. पण वेबडॅव्हचं मानक, २००७ सालचं आरएफसी ४९१८, मूव्हच्या बाबतीत या आकड्याचा वेगळा अर्थ सांगतं: जिथे हलवायचंय ती जागा दुसऱ्याच सर्व्हरवर आहे आणि तो फाइल घ्यायला तयार नाही. आमच्या फाइली तर एकाच सर्व्हरवर! गोम प्रॉक्सीत, म्हणजे सर्व्हरच्या पुढे बसून मागण्या आत पोचवणाऱ्या मध्यस्थात होती. बाहेरून आम्ही एचटीटीपीएसने येतो, पुढचा हा रिव्हर्स प्रॉक्सी एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन तिथेच उतरवतो आणि आत साध्या एचटीटीपीने बोलतो. डेस्टिनेशन हेडर (मागणीसोबत जाणारी ती नव्या पत्त्याची ओळ) मात्र तो जसंच्या तसं आत सोडत होता. आतल्या सर्व्हरच्या हिशेबाने तो पत्ता परक्याचा. नाव बदलणं आणि हलवणं, वेबडॅव्हमध्ये दोन्ही मूव्हच. चढवायला, उघडायला, पुसायला हे हेडर लागतच नाही, म्हणून बाकी सगळं सुरळीत.

लॉगच्या त्या ओळी होस्टिंगवाल्यांना पाठवल्या. प्रॉक्सीवर ते हेडर दुरुस्त करणारी एक ओळ त्यांनी घातली आणि त्याच दिवशी काम झालं. एवढ्यासाठीच मी या सॉफ्टवेअरला पूर्ण गुण देते.

मोठ्या फाइलींनाही याचा उपयोग आहे. विंडोजची स्वतःची वेबडॅव्हची सोय म्हणजे वेबक्लायंट सेवा; तिच्यात फाइलची मर्यादा मुळात ५,००,००,००० बाइट, म्हणजे साधारण ४७.७ एमबी असते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) ती ४ जीबीपर्यंत वाढवता येते. सायबरडक त्या सेवेतून जातच नाही, त्यामुळे आमचे स्कॅन केलेले जाडजूड रिपोर्ट तसेच चढतात. तरीही अडलं आणि ४१३ (फाइल फार मोठी) आला, तर मर्यादा सर्व्हरच्या बाजूला आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ती न बदलल्यास फक्त १ एमबी असते.

उणं म्हणाल तर याने ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, कॅडमधून थेट फाइल उघडायची सोय नाही. त्यासाठी याच मंडळींचं माउंटन डक आहे, ते विकत घ्यावं लागतं. शिवाय दुसऱ्याने टाकलेली फाइल रिफ्रेश केल्याशिवाय यादीत दिसत नाही. ड्रॉइंग काढण्याआधी रिफ्रेश मारायचंच, असं मी आमच्या पोरांना बजावून ठेवलंय.

आणि लॉग कुणाला पाठवणार असाल तर आधी ‘ऑथोरायझेशन’ची ओळ बघा. लॉगिनच्या ‘बेसिक’ पद्धतीत तिथे युजरनेम-पासवर्ड बेस६४ मध्ये जातो आणि तो कुणालाही उलगडता येतो. तारांकित दिसला तर ठीक, नाहीतर ती ओळ काढूनच पाठवा.